कूलरच्या पैशांचा रेग्युलेटर

त्या उन्हाळ्यात मी नवा कूलर घेतला नाही. झाशीत राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला जे पाणी येतं, त्यानं अंघोळ करायची तर बादली भरून आधी दोन तास सावलीत ठेवावी लागते. जुन्या कूलरचा तळ गंजून गेला होता. नव्यासाठी मी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, आणि त्या पैशांतून मी पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र घ्यायचं ठरवलं. समुद्र इथून गाडीनं एक दिवस आणि एक रात्र लांब आहे.

माझे धाकटे दीर सिविल लाइंसमध्ये राहतात आणि दर रविवारी सकाळी येऊन माझ्या आयुष्याची तपासणी करून जातात. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते पोहे खात होते. वहिनी, बावन्नाव्या वर्षी असले नाद बरे दिसत नाहीत, असं म्हणाले. कितव्या वर्षी दिसतात, असं मी विचारलं. त्यांनी पोहे संपवले, आणि चपला घालताना ते म्हणाले, दादा असता तर... आणि गेले.

दादा म्हणजे माझा नवरा. तो असता तर काय झालं असतं, ते वाक्य वीस वर्षांत कुणी पूर्ण केलेलं नाही. सासर मूळ झाशीजवळच्या गुरसरायचं. पूर्वज घोड्यावर बसून महाराष्ट्रातून इथवर कसे आले ते दीर प्रत्येक लग्नात सांगतात. त्यानंतरची माणसं कुठवर गेली असं विचारलं की ते वाढप्याला हाक मारतात.

नवरा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. तो गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि मला अनुकंपेवर नोकरी मिळाली. बायकांना अशा वेळी फायली नाहीतर पाणी देण्याचं काम मिळतं, आणि त्यात वाईट काही नाही. मी ब्रेकचं काम मागितलं. नवरा तेच करायचा आणि जेवताना ताटातल्या वाट्या सरकवून मला समजावून सांगायचा, त्यामुळे मला ते नोकरीआधीच येत होतं. हवेवर चालणारे ब्रेक, त्यांच्या झडपा खोलायच्या, धुवायच्या, सील बदलायची, दाबावर तपासायची. वीस वर्षं तेच करते आहे. कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आता मिस्त्री झाली आहेत आणि सगळे मला अजून भाभीजी म्हणतात.

आता समुद्राचं सांगते. मुलगी गुरुग्रामला नोकरीला लागली त्या वर्षी तिनं मला मालवणला नेलं. खरं म्हणजे मीच तिला नेलं, कारण रेल्वेचा पास माझा होता. तिथे पर्यटकांना पाण्याखाली नेतात. पाठीवर हवेची टाकी बांधतात, एक माणूस मागून त्या टाकीला धरून आपल्याला खाली नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो. मांजर पिल्लू नेते तसं. मुलीला ते फार आवडलं. मला खालचं सगळं आवडलं आणि तो हात आवडला नाही. मी भुसावळची, तापीत पोहायला शिकलेली. पाण्यात मला कुणी मानगुटीला धरून फिरवायचं, म्हणजे काय? वर आल्यावर मी विचारलं, हात न लावून घेता जायचं असेल तर काय करावं लागतं. कोर्स करावा लागतो, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी रजा काढून मी एकटी गेले आणि चार दिवसांचा कोर्स केला.

कोर्स झाला, कार्डही मिळालं, पण शेवटच्या बुडीत एक भानगड झाली. टाकीतली हवा तोंडात देणारा भाड्याचा रेग्युलेटर पहिल्यापासून श्वास जड देत होता. मग प्रत्येक श्वासाबरोबर दोन-चार थेंब खारट पाणी तोंडात यायला लागलं. मी खोकले. त्याबरोबर आमच्या प्रशिक्षकानं माझ्या टाकीला धरलं आणि मला वर आणलं. बोटीवर मी सांगितलं, श्वास सोडायच्या जागी रबराची चकती असते, ती वाकडी झाली आहे, आवाजावरूनच कळतंय. तो हसला. माणूस चांगला आहे, चाळिशीचा, तिथलाच, लहानपणापासून पाण्यात असलेला. म्हणून तर त्याचं हसणं जास्त लागलं.

"मावशी, घाबरल्यार श्वास असोच लागता," तो म्हणाला.

मी घाबरले नव्हते. हे मी बोटीवर चारदा सांगितलं, आणि चारदा सांगितलेल्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही. किनाऱ्याला लागताना त्यानं निकाल दिला. पुढच्या वेळी याल तेव्हा माझा हात तुमच्या टाकीवर राहील. नाहीतर स्वतःचा रेग्युलेटर घेऊन या, त्यावर कसा श्वास घेता ते बघतो, मग ठरवतो.

म्हणून मला रेग्युलेटर हवा होता. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ही नुसती हौस नव्हती. दोष माझ्या श्वासात नव्हता, त्या यंत्रात होता, हे मला त्याच पाण्यात उतरून दाखवायचं होतं. आणि पुन्हा कुणी धरून नेणार असेल तर मला जायचंच नव्हतं.

रेग्युलेटर म्हटल्यावर आमच्या गल्लीत गॅसच्या शेगडीचाच आठवतो. कामही तसंच आहे. टाकीत हवा कोंबून भरलेली असते, दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाबानं. आम्ही गाडीच्या ब्रेकच्या नळीत पाच किलो ठेवतो, यावरून अंदाज येईल. रेग्युलेटरचा पहिला भाग टाकीवर बसतो आणि तो दाब दहाच्या घरात आणतो. तिथून नळी तोंडातल्या दुसऱ्या भागाकडे जाते, आणि आपण ओढू तेवढीच हवा तो देतो. आतली आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. रबरी पडदा, स्प्रिंग, झडप, सील. रोज सकाळी माझ्या टेबलावर हेच पसरलेलं असतं.

मग फोन सुरू केले. झाशीत असलं दुकान नाही, तेव्हा मुंबई, पुणे, बेंगळुरू. मी विचारायची, पडद्याचा आहे की पिस्टनचा, झडप जिच्यावर टेकते ती सीट कशाची आहे, सील किती वर्षांनी बदलायची. पलीकडचे लोक मला रंग सांगायचे. गुलाबी नळी येते म्हणे लेडीजसाठी. एकजण दहा मिनिटं माझे प्रश्न ऐकून घेऊन म्हणाला, मॅडम, सर से बात करा दीजिए. मी म्हटलं, सर ऊपर हैं. तो म्हणाला, बुला लीजिए. मी म्हटलं, भैया, बीस साल से बुला रही हूँ. त्यानं फोन ठेवला. त्या दुकानातून मी पुढे काहीही घेतलं नाही.

मुलगी म्हणाली, आई, मैं ऑर्डर कर देती हूँ ना, आप बस रंग बता दो. तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीतच येतं. मी तिला सांगितलं की यंत्र मी निवडणार, पैसे माझे, आणि रंगाचा विषय पुन्हा काढलास तर तुझा फोन उचलणार नाही.

माझ्या पैशांत नवीन घ्यायचा तर मधल्या प्रतीचाच येत होता. आणि त्याच वेळी भोपाळच्या एका गृहस्थाची जाहिरात दिसली. भारीतला रेग्युलेटर, दहा वर्षं जुना, ठेवून दिलेला, नव्याच्या पाव किमतीत. भोपाळ म्हणजे आम्हाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मी गेले, हातात घेतला. काय जडपणा, काय घडण! पितळेवरचा मुलामा अजून चकचकीत होता. खाली कितीही खोल गेलं, टाकी कितीही रिकामी झाली तरी श्वास सारखाच हलका देणार, अशी त्याची रचना. त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं की बरीच वर्षं याची सर्व्हिस झालेली नाही. मी मनात म्हटलं, ती तर माझी रोजीरोटी आहे. पैसे दिले आणि टाकीत हवा किती उरली ते दाखवणाऱ्या, त्याला जोडलेल्या गेजसकट पिशवीत घालून घेऊन आले.

इथे मला स्वतःची अक्कल सांगायची आहे. आमच्या कारखान्यात पन्नास वर्षांच्या वॅगनचासुद्धा वॉशर स्टोअरमध्ये मिळतो. जे उघडता येतं ते दुरुस्त होतं आणि त्याचा सुटा भाग कुठल्यातरी खणात असतोच, हे आमच्या रक्तात गेलेलं आहे. त्यामुळे या रेग्युलेटरचे भाग मिळतात का, हा एकच प्रश्न मी कुणालाही विचारला नाही. रंगाचे प्रश्न विचारणाऱ्यांना मी मूर्ख समजत होते.

रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनी चादर अंथरून मी तो पूर्ण खोलला. दीर आले होते, त्यांनी खुर्ची लांब ओढून घेतली. रबराची सील वाळून कडक झाली होती. ती मोजून घेतली आणि दतिया गेटजवळ पंपांचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडून त्या मापाच्या रबरी रिंगा आणल्या. कारखान्यात आम्ही सीलला जे ग्रीस लावतो ते माझ्याकडे डबीभर होतं, तेच लावलं. परत जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. दिरांकडे मी जरा जास्तच वेळ पाहिलं, हे मला आठवतं.

आता तपासायचा राहिला. आमच्याकडे नियम आहे, खोललेली झडप दाबावर तपासल्याशिवाय गाडीला लागत नाही. पहिल्या भागाला दोनशेचा दाब लागतो, तो माझ्याकडे कुठून येणार. पण तोंडातल्या भागाला आठ-दहा किलो पुरतात, आणि तेवढी हवा कारखान्याच्या नळीतून दिवसभर वाहत असते. टर्नरला सांगून एक जोडणी करून घेतली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना मी तपासणीच्या टेबलाशी गेले, नळी जोडली, वॉल्व्ह हळूहळू उघडला, सुसकारा ऐकला. गळती नव्हती. झडप जागच्या जागी बसत होती. मग रेग्युलेटर तोंडात धरला आणि छाती भरून श्वास घेतला.

त्यानंतरची काही मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा तेलकट असते. नळीत पाणी साचलेलं असतं, काळं, गंजाचं. हे मला माहीत नव्हतं का? त्या पाण्याचा निचरा रोज सकाळी मीच करते. पण वीस वर्षं हवा माझ्या लेखी ढकलणारी गोष्ट होती, झडप उघडणारी, ब्रेक दाबणारी. कुणीतरी ती आत घेतं, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाच नाही. तोंड काळं झालं, घशात डिझेलच्या धुरासारखी चव बसली आणि मी टेबलाला धरून ओकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या विभागाचे मिस्त्रीजी धावत आले. भाभीजी, जे का कर रईं, असं म्हणत त्यांनी आधी वॉल्व्ह बंद केला आणि मग मला बाहेर झाडाखाली नेऊन बसवलं.

साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब वयानं लहान आहेत, सभ्य आहेत. कारखान्याच्या हवेचा खासगी वापर झाला होता आणि माणसाला इजा झाली असती, तेव्हा लेखी खुलासा द्या म्हणाले. ते चुकत नव्हते. मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोरच लिहिलं, भोजन अवकाश में साँस ले रही थी. त्यांनी तो दोनदा वाचला.

"भाभीजी, इसे बदल दीजिए. कोई पढ़ेगा तो क्या सोचेगा."

"जो किया, वही लिखा है, साहब."

शेवटी त्यांनी पुन्हा असं होता कामा नये अशी ताकीद दिली आणि मी ती मान खाली घालून ऐकली. कागद बदलला नाही.

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्याशी बोलले. हा माणूस रंगाबद्दल बोलला नाही. काय काय केलं ते सगळं विचारून घेतलं, आणि मी काही लपवलं नाही. मग शांतपणे म्हणाला, ताई, तुमचा हात चांगला असेल, पण या यंत्रातली हवा फुफ्फुसात जाते. तुमचं ग्रीस चालत नाही, त्याची वाफ श्वासात येते. तुमच्या रिंगा दोनशेचा दाब सहन करणार नाहीत. समजा मी सगळं धुऊन काढलं, तरी या मॉडेलच्या पहिल्या भागाची सीट कंपनीनं बनवणं कधीच बंद केलंय. म्हणून तर ते गृहस्थ पाव किमतीत देत होते, बहुतेक त्यांनाही माहीत नसेल. दाबाचा गेज तेवढा पाठवा, तो तपासून देतो. बाकीचं शोकेसमध्ये ठेवा.

मला स्वतःची इतकी लाज बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती. पैसे गेले त्याचं नव्हतं एवढं. तो प्रशिक्षक बोटीवर हसला तेव्हा मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते की तुला यंत्रातलं काय कळतं. आणि यंत्रातलं जिला कळतं तिनं हे केलं होतं.

रविवारी दीर आले, त्यांना बातमी आधीच पोचली होती. झाशीत बातमीला पास लागत नाही. त्यांनी सुरुवात फार गोड केली. वहिनी, माणसाकडून चूक होते. आता झालं ते झालं, हा नाद सोडा, उरलेल्या पैशांत छोटा कूलर येईल, मी बरोबर येतो. मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे, शंभर टक्के माझी आहे, आणि मी ती गल्लीत कुणालाही सांगायला तयार आहे. पण चूक झाली म्हणून माझा समुद्र कुणी काढून घेईल असं समजू नका. आमच्या कारखान्यात एखादी झडप तपासणीत नापास झाली तर गाडी भंगारात काढत नाहीत, दुसरी झडप लावतात. दिरांनी त्या दिवशी चहा अर्धा ठेवला.

तो उन्हाळा मी खिडकीला वाळ्याचा पडदा लावून काढला. दुपारी त्यावर पाणी शिंपडायचं, आणि रात्री गच्चीवर झोपायचं. अंगावर घामोळं आलं. मुलीनं दोनदा कूलर पाठवते म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं, कारण मग सगळे म्हणाले असते की शेवटी लेकीनंच घेऊन दिला.

दुसऱ्यांदा निवडताना मी आधी त्या मुंबईच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, कोणते भाग तुमच्या कपाटात आत्ता या क्षणी आहेत? त्यानं तीन मॉडेलं सांगितली. त्या तिन्हींतून मी सगळ्यात साधा घेतला, पिस्टनचा, आत हलणारे भाग सर्वांत कमी. दुकानदारानं मला भारीतल्याकडे न्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. हा स्वस्त आहे मॅडम, टाकी संपत आली की यात श्वास जड होतो, दुसऱ्यात तसं कळतसुद्धा नाही. मी म्हटलं, म्हणूनच हा द्या. ब्रेकच्या कामात न सांगता बिघडणारी झडप सगळ्यात वाईट. संपत आल्यावर जी गोष्ट आधी तोंडात सांगते, ती मला चालते. शिवाय पिस्टन गोठायला मालवणचं पाणी काही बर्फाचं नाही, आणि कार्डावर मला अठरा मीटरपर्यंतच परवानगी आहे. आणि समजा अगदीच बिघडला तर? मी आकृतीवर बोट ठेवून पाहिलं होतं, सील गेलं तर हवा बहुधा जास्तच येते, बंद होत नाही. आमची गाडी नळी फुटली की आपोआप थांबते. हिशेब उलटा असला तरी बिघडल्यावरही माणूस वाचावा हा विचार तोच आहे, तो करणारा माणूस माझ्या ओळखीचा वाटला. भोपाळचा गेज तपासून आला होता, तो जोडून घेतला. उरलेल्या पैशांत एवढंच बसत होतं, आणि ते बरोबर बसलं.

खोका आला तेव्हा मी तो उघडला, यंत्र पाहिलं आणि परत बंद केलं. खोलायला हात शिवशिवत होते. खोललं नाही.

नोव्हेंबरात मालवणला गेले. प्रशिक्षकानं रेग्युलेटर टाकीवर चढवला, बादलीत बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं, स्वतः दहा श्वास घेतले. हलको आसा, एवढंच म्हणाला. खाली जाताना तो माझ्यापासून दोन हात लांब होता आणि त्याचे हात त्याच्या छातीवर बांधलेले होते. मी बारा मीटरवर वाळूवर टेकले. तोंडात कोरडी हवा येत होती, ओढली की येत होती, सोडली की जात होती. मला रडू आलं. मास्कमध्ये रडू नये, ते पुसता येत नाही. चाळीस मिनिटांनी श्वास किंचित जड झाला. मी गेज पाहिला आणि त्यानं विचारायच्या आधी त्याला दाखवला. त्यानं वर जायची खूण केली.

बोटीवर मी त्याला विचारलं, मागच्या वेळच्या त्या रेग्युलेटरची चकती पाहिली होती का. तो टाक्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, बदलली, वाकडी होती. यापेक्षा जास्त मी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीवर नागपूरचे एक गृहस्थ होते, साठीच्या आसपासचे, आदल्याच दिवशी कोर्स संपलेला. ते मास्क पुन्हा पुन्हा धूत होते. प्रशिक्षकानं आम्हा दोघांची जोडी लावली. तो स्वतः आमच्याबरोबर पुढे राहणार होता. गृहस्थांच्या टाकीचा पट्टा आवळता आवळता तो मला हळूच म्हणाला, "मावशी, खाली ह्यांका जरा टाकीक धरून रवा."

क्षणभर मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. वर्षभर सगळं सोसून इथवर आले होते आणि आता माझा हात कुणाच्यातरी टाकीवर ठेवायला सांगत होते. मग त्या गृहस्थांची मान दिसली. त्यांनी ऐकलं होतं. ते पाण्याकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"मी धरणार नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "मी शेजारी राहीन."

"अहो, पण मला भीती वाटते," गृहस्थ म्हणाले.

"वाटू दे. श्वास तुमचा तुम्हालाच घ्यायचाय. मी हाताच्या अंतरावर आहे, लागलं तर तुम्ही मला धरा."

बोट हलत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रशिक्षकाकडे. त्याचा हात अजून त्यांच्या टाकीवर होता. त्यानं तो काढला. गृहस्थांनी रेग्युलेटर स्वतःच्या हातानं तोंडात धरला, एक मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला आणि माझ्या आधी पाण्यात पडले.